दोघींच्या सह्या

—नक्को भाऊजी, पेन खिशातच ठेवा. चहाही विचारणार नाही मी. आणि शिवानीला हाक मारायची नाही, ती आत अभ्यास करतीय. काल पोरगी अठराची झाली आणि आज तुम्ही दारात! थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धाला नाही आलात, पुतणीचा वाढदिवस बरा लक्षात राहिला — हौ, मारुती दिसली बाहेर. सगळ्या मलकपेठला दिसली. बिल्डरनं दिली का? आता म्हणे परदेशी कंपन्या येणार, जो तो घर पाडून फ्लॅट बांधतोय, मग वहिनीचंच घर कायकू सोडायचं, असंच ना?

काय? ‘आधीची सही मान्य आहे, एवढंच लिहून दे’? घर बिल्डरला द्यायच्या करारावर सोळाव्या वर्षी केलेली सही ती आता मान्य कशी करणार? आबिड्सला भाग्यलक्ष्मी वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे जाऊन आले मी. एकटी गेले, आणि कळेपर्यंत उठले नाही. त्या म्हणाल्या, अम्मा, अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या पोरीचा करार म्हणजे व्हॉइड. व्हॉइड म्हणजे काय? म्हणजे तो झालाच नाही. मोडावासुद्धा लागत नाही — नाहीच तर मोडणार काय? मोठेपणी ती हजारदा हो म्हणाली तरी त्यात जीव यायचा नाही. ह्यांनी घर दोघींच्या नावावर केलं ते किती बरं केलं!

माझ्या सहीचं वेगळं. मी चाळिशीची बाई, करार झाला, चालू आहे — पण तुम्ही तो धाक दाखवून करून घेतला, म्हणून व्हॉइडेबल. ठेवायचा का मोडायचा, ते माझ्या हातात. तुमच्या नाही, तुमच्या बिल्डरच्या नाही, माझ्या! नुसती गप्प बसले तर ठेवला असं धरतात. म्हणून आता नाही बसणार गप्प.

धाक नव्हता? ह्यांना जाऊन महिना झाला नव्हता. ‘पोरीला आमच्याकडं उदगीरला नेतो वहिनी, तिचं मन रमेल’ म्हणालात. मीच तिचे कपडे भरले, तिखट पुऱ्या करून दिल्या. आणि मग तो फोन — ‘आधी सही करा, मग पोरगी आणतो. पोलिसात गेलात तर ती दिसायची नाही.’ तुमचाच आवाज ना तो? मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत जायचात, तुमचं ताट मी वाढायचे. सही करताना सारखं तेच डोळ्यांपुढं येत होतं. आणि तिकडं ‘आईनं केलीय, तूही कर’ म्हणून तिची घेतलीत.

मजेत ठेवली होती? ते मला नका सांगू, मी बघितलंय! त्या फोननंतर, सही करायच्या आदल्या दिवशी आले होते मी उदगीरला — तुम्हाला पत्ता नाही. फाटकापर्यंत आले. ती ओट्यावर बसलेली, तुमची बायको उषा तिची वेणी घालत होती, आणि हसत होती हो ती — बाप गेल्यापासून पहिल्यांदा. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. हाक मारली असती तर पळत आली असती. मला वाटलं, हसतीय तर हसू दे दोन दिवस, इथं आणून काय, माझं रडणंच दाखवायचं ना… मीच मागं फिरले, आणि दुसऱ्या दिवशी—

असं काय बघता?

अच्छा. सांगा, कोर्टात सांगा. ‘बाई स्वतः येऊन गेली, दार उघडं होतं, कसला आलाय धाक’ — सांगा. माझी सही टिकवता आली तर टिकवा. पण तिच्या सहीचं तुम्हाला काही करता यायचं नाही भाऊजी. माझं काही का होईना, तिचा अर्धा तिचाच. त्याला फाटक लागत नाही, साक्ष लागत नाही—

शिवानी? तू कधीची उभी आहेस दारात?

…अगं, फाटकातून मागं फिरले ते तुझ्यासाठीच, ऐक तरी—

उठा भाऊजी. उठा म्हणते ना!