बापानं आणलं, आईनं रांधलं

हॅलो?… म्म… म्म… थांब, तोंडात टाचण्या आहेत. … हं, काढल्या. कोण? … अगं, तू? आज कशी? आज कुठे रविवार आहे?

थांब हं, मशीन बंद करते. … हां. बोल. बरी आहेस ना? … नक्की?

… बाई, एक मिनिट. तुम्ही बसा त्या स्टुलावर. कोट अंगातच राहू द्या, हात तेवढा हलवू नका, टोचेल. माझी मुलगी आहे फोनवर. परदेशातून. … हो, तीच. मघाशी सांगत होते ना, अनाथाश्रमात गेलीये मुलांचं करायला. पगार नाही, काही नाही, सेवा म्हणून. आमच्या चर्चच्या तरुण संघातली एवढी पोरं मागे लागली होती, निवडलं हिला एकटीला.

हां, बोल गं. … कोणाशी म्हणजे? गिऱ्हाईक आहे. शाळेतल्या बाई आहेत, कोटाच्या बाह्या आखूड करायच्यात. … नाही, बढाई नाही मारत. आहे ते सांगितलं. मुलगी माझी, दुकान माझं, मी सांगणार. परवा चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं तुझं. अख्खी मंडळी मागे वळून आमच्याकडे बघत होती. तुझ्या पप्पांनी रुमाल काढला. मला म्हणतात, डोळ्यात काहीतरी गेलंय. दोन्ही डोळ्यांत, एकदम. …

काय? … मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही. … परत? परत कुठे? … घरी?

… अगं पण… … हो… हो… अगं ऐक ना… … आधी रडणं थांबव. रडत बोललीस तर मला अर्धं कळत नाही. नाक पूस. बाहीला नको. … पुसलंस बाहीलाच, ओळखते मी तुला.

आता सांग. तब्येत बरी नाही का? … मग जेवण जात नाही? … मग कोणी बोललं का तुला? त्या मोठ्या बाईंनी? आश्रम चालवतात म्हणून काही वाट्टेल ते… … नाही बोलल्या? … मग थंडी? अगं, एवढा जाड स्वेटर विणून दिलाय… … घातलाय? बरं. मग काय कोणाच्या प्रेमाबिमात… … बरं, बरं. गप्प बसते. राहिलं.

… तिकीट बदलून मागणार. पाळकसाहेबांना फोन करणार. आजच. … नाही, थांब. पाळकसाहेब नंतर, आई आधी. पहिल्यापासून सांग.

… काल संध्याकाळी. … हं. … जेवणाआधी आशीर्वाद मागायचा. दर आठवड्याला एकेका ताईची पाळी, आणि कालपासून तुझी. … अगं, मग चांगलंच की. … केलीस प्रार्थना? त्यांच्या भाषेत? शाब्बास. … कोणती? … आपली घरची?

… बाई, ऐकलंत? माझी प्रार्थना परदेशात पोचली. मला पासपोर्टसुद्धा नाही. … अहो, आमच्या घरची आहे, जेवायच्या आधी म्हणायची. बापानं आणलं, आईनं रांधलं, देवा तू वाढलंस, तुझे उपकार. एवढीच. कुठल्या पुस्तकातली नाही, मी केलेली. …

हां, बोल. मग आवडली असेल सगळ्यांना. … नाही? … का?

…

अगं बाई.

… अनाथाश्रमात. … बापानं आणलं, आईनं रांधलं. तेही अनाथाश्रमात, सगळ्या पोरांसमोर.

… नाही, हसत नाही. … रागावलेही नाही गं. सवयीनं आलं तोंडातून. जन्मभर तेच म्हटलंस, ऐन वेळी दुसरं कुठून सुचणार? … मग? … बटण काय म्हणाली? … बटण म्हणजे ती छोटीच ना, तुझ्या स्वेटरचं बटण मुठीत धरल्याशिवाय जिना उतरत नाही ती? … काय विचारलं तिनं?

… "कोणाची आई?"

… हं. … ऐकतेय. पुढे सांग. … थोरली उठली. थोरली म्हणजे पोरांतली सगळ्यात मोठी, तू गेल्यापासून तुझ्याशी धड बोलत नाही ती? … ताट सरकवलं आणि गेली. न जेवता. … आणि मोठ्या बाई? … बोलल्या नाहीत काही. त्या नाही बोलल्या, हे तुला जास्त लागलं. समजलं मला.

आणि म्हणून तू परत येणार. … "मी त्या मुलांना दुखवलं, मला इथं राहायचा हक्क नाही." … वा. मोठं झालं माझं लेकरू, हक्काची भाषा बोलायला लागलं.

हे बघ. यायचं असेल तर ये. घर तुझं आहे, कुलूप नाही लावलेलं. मलाही घर खायला उठतं. तुझे पप्पा रोज मोबाईलवर तिकडचं हवामान बघतात आणि इथे उन्हात स्वेटर घालून निघतात. आलीस आणि मंडळीतलं कोणी वाकडं बोललं, तर माझ्याकडे कात्री आहे. पण आधी मला एक सांग. … रडत नको, नीट सांग. तिथे रांधतं कोण?

… कोण म्हणजे? जेवण काय आभाळातून पडतं? … आचारीण आहे एक. बरं. एवढ्या लेकरांचं ती एकटी करते? … माहीत नाही? महिना होत आला तुला जाऊन आणि स्वयंपाकघरात डोकावली नाहीस? … हो, अभ्यास घेतेस. हो, गाणी शिकवतेस. ऐकलं ते, व्हिडिओ पाहिले, अख्ख्या गल्लीला दाखवले. मी वेगळं विचारतेय. काल जेवायला काय होतं? … बटाटे. बरं. बटाटे कोणी सोलले?

… आठव. एवढ्या पोरांना पुरायचे म्हणजे गोणीभर. आचारीण शिजवेल, ढवळेल, ती कशाला सोलत बसतेय? दुपारी तू तिकडून जात असशील की नाही? कोण दिसतं मागच्या पायरीवर? … हं. … बादली घेऊन. … हं.

थोरली.

वाटलंच मला.

… अगं वेडे, म्हणून उठली ती. … नाही, आई नाही म्हणून नाही. आई नाही हे काय तिला काल कळलं? ते तिला तू जायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. दुपारभर गार पाण्यात हात घालून बसली, बोटं पांढरी पडली असतील, आणि संध्याकाळी तू उभी राहून देवाला सांगितलंस, आईनं रांधलं. करायचं हिनं आणि नाव भलतीचंच. मी असते तर मीही उठले असते. वर ताट आपटलं असतं.

… मला कसं कळलं म्हणजे? तुला माहीत नाही का आई कुठे वाढली? … बोर्डिंगात, हो. बोर्डिंग म्हणायची आपली एक पद्धत. अनाथाश्रमच होता तो.

… बाई, डोळे काय मोठे करताय? अनाथच होते मी. लपवलं नाही कधी, विषय निघाला नाही. हात खाली घ्या, टाचणी लागेल.

हां, ऐक. मी तिथे कांद्यावर होते. रोजचे कांदे माझ्याकडे. शाळेत गुरुजी विचारायचे, रडतेस का गं? मी म्हणायचे, नाही, पाळी आहे कांद्यांची. आणि जेवायला बसलो की प्रार्थना देणगीदारांसाठी. सकाळी देणगीदार, दुपारी देणगीदार, संध्याकाळी परत देणगीदार. देव त्यांचं भलं करो, त्यांच्याच अन्नावर वाढले मी, त्यांना नावं नाही ठेवणार. पण पोर होते गं मी. वाटायचं, एकदा, एकदाच कोणीतरी म्हणावं की देवा, आणि हे कांदे हिनं चिरले. नाही म्हटलं कोणी. मनात आलंच नसेल कोणाच्या. चांगली माणसं होती, पण नाही आलं मनात.

… मग काय. लग्न झालं, तू झालीस. तुला पहिला घास भरवायला बसले. तुझे पप्पा नुकतेच गाडीवरून उतरून आले होते, दिवसभर ट्रक चालवून, भाजीची पिशवी हातात तशीच. मी नुकती गॅससमोरून उठलेले. मनात म्हटलं, माझ्या घरात कोणाचं नाव राहायला नको. ज्यानं आणलं त्याचं घ्यायचं, जिनं रांधलं तिचं घ्यायचं. तशी झाली ती प्रार्थना. … नाही सांगितलं कधी. तू विचारलं नाहीस. घराला दारं-खिडक्या असतात तशी ती आहेच, असं वाटलं तुला.

… रडतेस काय परत? … माझा आवाज? माझ्या आवाजाला काय झालंय? टाचण्या होत्या ना तोंडात, म्हणून.

तर कळलं का कुठे चुकलं ते? प्रार्थना नाही चुकली, नावं चुकली. आपल्याकडे आणणारा बाप आणि रांधणारी आई, म्हणून ती दोघं. तिथे सामान आणतो कोण? … तो म्हातारा, व्हॅनवाला? मग त्याचं नाव. शिजवते आचारीण, तिचं. सोलते थोरली, तिचं. … हो, खरं नाव. थोरली-बिरली नाही, आईबापांनी नाहीतर आश्रमानं ठेवलेलं, जे असेल ते पूर्ण नाव. कसं म्हणतात ते? परत म्हण. … हं. छान आहे की. … चमचे कोण मांडतं? बटण? मग बटणचं पण. … लांबली तर लांबू दे. देवाला कसली घाई आलीये? घाई पोरांना असते, पण पुढचं नाव आपलं येईल म्हटल्यावर तीही थांबतील.

… ही घंटा कसली? … जेवणाची? तिकडे संध्याकाळ झाली का? … मग जा की. आज पाळी तुझीच आहे ना अजून? … भीती वाटते? वाटू दे. भीती वाटली म्हणून काय पाय मोडतात?

नाही, फोन ठेवू नकोस. चालू राहू दे, स्वेटरच्या खिशात टाक. … मला ऐकायचंय. … नाही गं, काही नाही बोलणार. खोकणारसुद्धा नाही. जा.

… बाई, आता जरा गप्प बसा हं. प्रार्थना आहे. … तुम्ही मानत नसाल तर नका मानू, गप्प बसायला काय लागतं?

…

खुर्च्या सरकताहेत. केवढी पोरं आहेत हो. …

… ही. हा आवाज माझ्या मुलीचा. … भाषा नाही कळत मला, पण थरथरतेय ते कळतंय. … हं. … हे व्हॅनवाल्याचं असेल. … हे आचारिणीचं, कोणीतरी हसलं बघा. लाजली असेल ती. … आता… आता का थांबली? … घे गं बाई, घे…

… घेतलं. मघाशी सांगितलं तेच नाव, थोरलीचं. ऐकलंत?

… आणि बटणचं. टाळ्या पिटतेय ती, तीच असणार. … बाई, काय पोर जन्माला घातली मी. माझी मुलगी आहे ती. परक्या देशात, परक्या भाषेत, काल जिथे तोंड लपवावंसं वाटलं तिथेच आज उभी राहिली.

आमेन.

… अहो, निघालं तोंडातून. आमेनला काय बंदी आहे का?

हॅलो? … हो, मीच. … माझं आमेन सगळ्यांनी ऐकलं? तुझ्या खिशातून? … बरं झालं मग. … बटण काय विचारतेय, खिशात कोण बसलंय? सांग तिला, काल विचारत होतीस ना कोणाची आई, ती ही. शिवणकाम करते आणि कांदे झकास चिरते.

… आणि थोरली? … बसलीये? ताट समोर आहे? … जेवतेय? … कोणाशी? माझ्याशी? अगं, मला कुठे येते त्यांची… दे. दे तिला.

हॅलो? … हो बाळ. … हो. … मला नाही गं कळत तुझं. … जेवलीस का? … जे-व-लीस का? … हं. … बोल तू, मी ऐकतेय. … हं. … हं.

… आलीस का तू? काय म्हणत होती ती? मी आपली नुसतं हं-हं करत होते. … काय?

मी जेवले का, विचारतेय?

…

… सांग तिला, नाही जेवले. दुपार टळून गेली, डबा तसाच आहे. सांग, एका बाईंचा कोट घाईचा होता. … रागावली? माझ्यावर? … काय म्हणते? रांधणाऱ्यानं उपाशी राहायचं नसतं? बघ, माझी आजी निघाली ही.

बरं, आणि तिकिटाचं काय? पाळकसाहेबांना मी सांगू की तू… … कसलं तिकीट काय? मघाशी तूच रडत… … उद्या? बटाटे? तिनं बोलावलंय तुला सोलायला? … मग जा. आणि सालं पातळ काढ. तुझ्या सालाबरोबर अर्धा बटाटा जातो, तिथे नाव माझं खराब होईल. … हो. … हो गं. … पप्पांना सांगते. जाईल परत काहीतरी त्यांच्या डोळ्यात. … अगं ऐक ना, त्या पोरीला सांग की… हॅलो? … हॅलो?

गेला.

… बाई, कोट उद्या न्या. हळूच काढा, मी धरते बाही. … नाही, आज नाही जमणार. मला आता जेवायचंय. … अहो, बाह्या काय, सकाळी करून देईन. पण डबा तसाच राहिला तर तिकडे एक पोर मला जाब विचारेल.