नमुन्याचं हेल्मेट

‘लॅबमधली आहे म्हणून तर करून घेतली, आणि त्यातून बोलत नाही. सोन्याहून पिवळं!’

...हे सासूबाई म्हणाल्या. मला नाही हो, मला कशाला म्हणतील? त्यांच्या मुलाला म्हणाल्या, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि मी दाराच्या अलीकडे, दोन्ही हातांत चहाचा ट्रे. आता तुम्ही म्हणाल, नवी सून दाराआडून ऐकते, शोभतं का? अहो, ऐकत नव्हते, दार ढकलायला हात मोकळा नव्हता! आणि तुम्हाला सांगते, सासूबाईंचं मला काही वाटलं नाही. मी खोळंबले होते ती त्याच्यासाठी. वाटलं, आता हा म्हणेल, ‘आई, काहीतरीच काय?’ निदान नुसतं ‘आई!’ तरी म्हणेल... तर हा म्हणाला, ‘हळू बोल.’

हळू बोल!

मी कोपरानं दार ढकललं, चहा दिला, साखर पुरेशी आहे ना विचारलं. बाकी मी आपली गप्प.

लॅब कसली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रक्त-लघवीची. घोड्यावर बसणारे हेल्मेट घालतात ना, ती हेल्मेटं पास-नापास करायची लॅब. तिथं आमच्याकडे एक डोकं होतं. धातूचं. त्याच्यावर हेल्मेट चढवायचं, उंच न्यायचं आणि द्यायचं सोडून! खाली कधी सपाट लोखंड, कधी धारेचं, म्हणजे घोड्याची टापच समजा. आतल्या डोक्याला हिसका किती बसला ते यंत्र सांगतं. मग दुसरं हेल्मेट तापवून आपटायचं, तिसरं गारठवून, चौथं भिजवून, पट्टा ओढून बघायचा, दोन्ही बाजूंनी दाबून बघायचं, कारण घोडा कधीकधी अंगावरही पडतो, त्याला कोण काय बोलणार? आमचे साहेब ओरडायचे, ‘हेल्मेटचं काय झालं ते मला सांगू नका, डोक्याचं काय झालं ते सांगा!’ एका टोपीची एवढी चौकशी... आणि स्वतःच्या लग्नाच्या वेळी मी काय विचारलं? तर म्हणे, ‘वाचनाची आवड आहे का?’

हा लॅबमध्ये यायचा ते हेल्मेटं घेऊन. घरचा कारखाना. बाकीचे कारखानदार डबा टेकवून पळायचे, हा काचेपलीकडे उभा राहायचा आणि हेल्मेट खाली सुटलं की डोळे मिटून घ्यायचा. घट्ट! मला वाटायचं, केवढी ही माया, स्वतःच्या हातानं केलेली वस्तू आपटताना बघवत नाही बिचाऱ्याला. आणि हेल्मेटं तरी कशी! दर वेळी पास. एकदा मला म्हणाला, ‘आतला फोम एकदाच चेपतो. आपण चेपायचं आणि डोक्याला लागू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.’ आता असं बोलणारा माणूस भेटल्यावर बाई काय करेल, सांगा? लग्नच करेल ना!

केलं. साहेब म्हणाले, कारखानदाराची बायको इथं चालायची नाही, नियम आहे. बरोबरच होतं. सोडली नोकरी. आले कारखान्यात पट्टे बसवायला.

आणि तिथं कळलं की मागच्या खोलीत सासरे दार लावून बसतात. वेगळा फोम, वेगळा साचा, घड्याळाकडे न बघता एकेक हेल्मेट करतात. कोणासाठी? लॅबसाठी! नमुन्याचं हेल्मेट. गोदामात थप्पी लागलेली असते त्यातल्या एकाच्या आत मी अंगठा दाबला, तर नख रुतलं हो... लोण्यात रुतावं तसं. मी ह्याला विचारलं, ‘नमुना आणि हा माल, एकच का?’ तर म्हणतो, ‘रंग एकच आहे.’

सासूबाईंना विचारलं. त्या हसल्या. ‘अगं, शिकणारी पोरं बसणार, शिकवायचे घोडे गरीब असतात. आणि पोरं काय रोज पडतात?’ मी म्हटलं... कुठलं म्हणतेय! मी आपली गप्प.

पण तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून घरात कुठेही बघावं तर मला तेच दिसायला लागलं. लग्नाआधी ‘दमलीस का?’ म्हणणारा माणूस, आता ‘टॉवेल कुठाय?’ म्हणतो. टॉवेलचं जाऊ द्या, टॉवेल सगळ्यांच्याच घरात हरवतो. पण ‘दमलीस का?’ हे कुठल्या मागच्या खोलीत तयार झालं होतं? माझ्यापुरतं, पास होण्यापुरतं?

आणि मग तो चहा, ते दार, ते ‘हळू बोल’. सासूबाई कपातून वर बघून म्हणाल्या, ‘सूनबाई, लहान मुलांच्या हेल्मेटाचा नमुना उद्या तूच घेऊन जा हं लॅबमध्ये. तुझीच माणसं ती. माल पुढच्या आठवड्यात घोडेस्वारीच्या शाळेत जायचाय.’ सासऱ्यांनी डबा माझ्या हातात दिला, अलगद, तान्हं मूल द्यावं तसा. मी ह्याच्याकडे बघितलं. हा बशीकडे.

सकाळी मी डबा कपाटावर ठेवला, गोदामात गेले, थप्पीच्या मधलं हाताला येईल ते हेल्मेट ओढलं, आणखी दोन-चार घेतली, पिशवीत भरली आणि निघाले.

साहेबांनी मला काचेपलीकडे उभं केलं. आता मी बाहेरची ना! हेल्मेट वर गेलं. छोटंसं, निळं. सुटलं... आणि माझे डोळे आपोआप मिटले. घट्ट. तेव्हा कळलं हो मला. ती माया नव्हती. आतमध्ये काय आहे ते ठाऊक असलं की मिटतात डोळे. नमुना सासऱ्यांनी केलेला असला, तरी त्याला गोदाम दिसत असणार. म्हणजे त्याला कळत होतं... सगळं कळत होतं, आणि तरीही दर वेळी डबा घेऊन यायचा.

हेल्मेट वरून चकचकीत, साधा ओरखडा नाही. साहेबांनी आकडा बघितला आणि म्हणाले, ‘डोकं गेलं.’ मग खालच्या आवाजात, ‘सगळा माल असाच आहे का गं? उद्या येऊन बघू?’

मी आपली गप्प. मान मात्र हलली.

रात्री सगळे जेवायला बसलेले. कोणी विचारतच नव्हतं, पास तर ठरलेलंच! शेवटी सासूबाईंनीच विचारलं, ‘मग? काय म्हणाली तुझी माणसं?’ हा जेवता जेवता थांबला. माझ्याकडे बघायला लागला, लग्नाआधी बघायचा तसा नीट, आणि तुम्हाला खरं सांगते, त्या एवढ्याशा बघण्यानंही मला भरून आलं, इतकी मी मूर्ख! घसा साफ केला आणि म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं,

‘नापास झालं, आई. मी गोदामातलं नेलं होतं. उद्या ते सगळा माल बघायला येणार आहेत, मी हो म्हटलंय... आणि वाढू का अजून कोणाला?’