डाळिंबाचे दाणे

पेठहून नाशिकला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आई होती. सुट्टी संपलेल्या मुलीला ती हॉस्टेलवर सोडायला निघाली होती आणि मुलगी तिला प्रश्नमंजुषेचा अभ्यास ऐकवत होती. मी लगेच इअरफोन काढले, इतकं भारी चाललं होतं.

"आये, ग्रीक लोकांची धान्याची देवी डिमिटर."

"म्हंजे आपली कणसरी."

"तशीच. पाताळाच्या राजानं तिची पोर पळवली. मग तिनं शेतात काय उगवूच दिलं नाय."

"बरं केलं. पोर मिळाली का?"

"मिळाली. पण तिनं तिथले डाळिंबाचे दाणे खाल्लेले. जितके दाणे, तितके महिने दरसाल पाताळात राहायचं."

"कुणाकडचं खाऊ नये, एवढं आईनं शिकवलं नव्हतं?"

"गोष्ट हाय ती, आये."

"हॉस्टेलात काय देतात खायला?"

"वरण-भात, चपाती."

"डाळिंब?"

"एवढे लाड नाय करत तिथं."

"हसू नको. या सुट्टीत नागलीची भाकर नको म्हणालीस. चपाती मागितलीस."

मुलीनं खिडकीला डोकं टेकवलं.

"झोपलीस का गं?"

"पिशवीत हाय का भाकर?"

"हाय. तुकडा मोडून देऊ?"

"आख्खी दे."