दाराची करकर

सिनेमा संपला होता, तरी लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा काठोकाठ भरलेला होता.

“भुताचा सिनेमा म्हणे! दोन तास नुसतं एक दार करकरतंय.”

“त्या करकरीनंच काटा आला हो अंगावर.”

“सिनेमासाठी असले आवाज काढायला मीच शिकवलं माझ्या त्या शिष्येला. आता पडद्यावर नाव बाईसाहेबांचं!”

“म्हणून पोटात दुखतंय होय?”

“माझ्या कशाला दुखेल? मी असतो तर दार आणखी हळू उघडलं असतं.”

“मग पॉपकॉर्नला हात का नाही लावला?”

“चावताना कुरकुर झाली असती. तेवढ्यात तिचा आवाज निसटला असता.”

“पुढच्या सिनेमासाठी ती वर्षभर बोलावतेय तुम्हाला.”

“तिच्या हाताखाली!”

“हो, हाताखाली.”

“लाव फोन. सांग, सर येताहेत... नको, नुसतं सांग, मी येतोय.”