पदर ढळलेला भ

न्हाई न्हाई साहेब, पदर म्हणलो मी, बिलकुल म्हणलो, भरवर्गात म्हणलो — पण कोणा बाईचा न्हाई हो, अक्षराचा! बसा तुम्ही — त्या खुर्चीवर नका, तिचा पाय गेलाय, ह्या बाकड्यावर बसा. ही बघा, ही आमची द्वारकी, तिसरीतली. पाढे तोंडपाठ, कविता तोंडपाठ, आन् वाचायला बसली की घ अन् ध एकच, म अन् भ एकच! 'माझे घर' असा निबंध दिला, तर पोरीनं लिवलं 'भाझे धर'. बाप म्हणे, हिला डोकंच न्हाई, कापूस वेचायला नेतो. आता अठ्ठ्याण्णवच्या प्रशिक्षणात तुम्ही आम्हाला शब्द दिला — 'अध्ययन अक्षम' — बराबर? शब्द दिला, जेवण दिलं, अशा लेकराला शिकवायचं कसं ते राहूनच गेलं. मंग मी फळ्यावर घ काढला अन् म काढला. म्हणलो, ह्या दोघींनी डोक्यावर पदर घेतला, वरची रेघ सलग. ध अन् भ, ह्यांचा पदर ढळला, रेघ तुटली. महिनाभरात वाचायला लागली साहेब! आता तिनं पारावर चारचौघांत झुंबरबाईला — सरपंचाच्या आईला हो, त्यांनीच तर तक्रार केली — म्हणलं, 'आज्जी, पदर घ्या, तुम्ही भ दिसून राह्यल्या,' त्याला मी काय करू? अन् दिसतच असतील ना भ!

हसू नका साहेब. ह्या तक्रारीपायी मला हलवलं की नवीन मास्तर हिला मागच्या रांगेत बसवणार, अन् बाप नेणार कापसात. मागची रांग मला ठावं हाय. माझ्या ओळखीचा एक पोरगा घ-ध पायी चौथीत दोनदा बसला — बरं, मीच व्हतो तो. अजून होतं कधी कधी. हजेरीपट आमची मंडळीच तपासून देती. हे लिहू नका बरं.

कागद? माझ्यासाठी? द्या की. 'आपली बदली... ध... धनसावंगी येथे...' हे गाव तर आपल्या जिल्ह्यातच न्हाई! दुसऱ्या कोणाचा कागद आला साहेब, बिलकुल — काय गं द्वारके? मधी बोलू नको — काय? पदर घेतलाय? रेघ सलग?

घ! घनसावंगी! पाह्यलं साहेब? कोणी सांगितलं का हिला? स्वतः वाचलं! वाच द्वारके, मोठ्यानं वाच, तुझ्या बापाला ऐकू जाऊ दे — हां, 'आपली बदली घनसावंगी येथे' —

बस. बस, द्वारके. पुढचं नको वाचू.