दोन तोंडांचा कार्बोरेटर

माझा जन्म नागपूरचा, पण नागपूर मला आठवत नाही. बाप सरकारी दफ्तरात चपराशी होता, नवीन राज्य झालं आणि ते दफ्तर भोपाळला आलं, तर फायली, कपाटं, साहेब लोक आणि त्यांच्या मागं आमचा बाप असे सगळे एकाच रेल्वेनं आले, मी आईच्या कडेवर होतो म्हणतात. घरात मराठी आणि दाराच्या बाहेर पाय टाकला की हिंदी, असंच वाढलो, म्हणून माझी भाषा ही अशी आहे, तुम्ही समजून घ्या. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीत मास्तर माझ्या बोलण्यावर हसला, साऱ्या वर्गाला हसवलं, मी पाटी तिथंच ठेवली आणि घरी आलो. बापानं दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी त्याचाच हात थकला. मी गेलो नाही तो गेलो नाही. आजही कोणी हसलं ना, तर मी उठून येतो, मग ते लग्नाचं जेवण का असेना.

मग जुन्या शहरात रफीक उस्तादांकडे लागलो. उस्ताद मोटारीचे डॉक्टर होते, असं लोक म्हणायचे, पण ते स्वतः म्हणायचे, मैं तो भिश्ती हूँ खां, इंजन को पानी पिलाता हूँ. पाणी म्हणजे पेट्रोल. आता तुम्ही स्कूटरवाले, तुम्हाला काय सांगू कार्बोरेटर म्हणजे काय, तुमच्या नव्या गाड्यांत तो राहिलाच नाही. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं, एवढंच त्याचं काम. पण किती हवा, किती पेट्रोल, गळा केवढा, ते ज्याला समजलं त्याला मोटार समजली. गळा लहान पडला तर गाडी धापा टाकते, मोठा पडला तर हळू चालताना ठसका लागतो, जसा लेकराच्या तोंडाला लोटा लावावा तसा.

आणि उस्तादांची एक रीत होती, ती मी जन्मभर पाळली. कोणाच्या गाडीला नवीन कार्बोरेटर निवडायचा तर आधी मागच्या सीटवर बसायचं, आणि मालकाला सांगायचं, रोज जिथं जातोस तिथं चल. दूध आणायला जातोस तर दूध आणायला, सासुरवाडीला जातोस तर सासुरवाडीला. तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त त्याचा पाय पाहायचा. दाबतो किती, सोडतो केव्हा, कोणत्या गिअरात जास्त राहतो. मग उतरायचं आणि ठरवायचं. उस्ताद म्हणायचे, प्यास इंजन से पूछो, मालिक से मत पूछो, मालिक तो झूठा होता है. त्या रीतीपायी मी किती गिऱ्हाईक परत पाठवले, बाप्पा, मोठमोठे लोक, गाडीला पंख लावायला आलेले. म्हटलं, तुझा पाय बकरीचा आहे आणि तुला घोड्याचा लगाम पाहिजे, जा, दुसरीकडे लाव. शिव्या देत जायचे आणि महिन्यानं परत यायचे.

पुढं गोविंदपुऱ्यात माझं स्वतःचं शेड झालं, कारखान्यांच्या रांगेत शेवटचं. चाळीसच्या वर वर्षं तिथं काढली. बायको तिथं डबा घेऊन यायची, ती गेली तीही त्याच वर्षांत. मुलगा सुधीर शिकला, बँकेत लागला, मी त्याच्या हाताला कधी ग्रीस लागू दिलं नाही, आणि हीच माझी चूक झाली की काय, कोण जाणे, कारण त्याला त्या शेडात फक्त घाण दिसते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी शेडात चक्कर येऊन पडलो. डोकं फुटलं नाही, काही नाही, थोडं खरचटलं. पण शेजारच्या कारखानेवाल्यानं सुधीरला फोन केला आणि तिथून माझं सारं बिघडलं. सुधीरनं मला इथं कोलार रोडवर आणलं, हाच फ्लॅट, तिसरा माळा. वाईट वागवतात असं लिहू नका, बरं का. सून प्रिया दोन वेळा गरम पोळी वाढते, गोळ्या हातावर ठेवते, टीव्ही लावून देते. माझे कामाचे कपडे तिनं एक दिवस धुवायला म्हणून नेले आणि ते परत आलेच नाहीत. म्हटलं, काहून गं, कुठं गेले? तर म्हणते, बाबा, ते धुण्याच्या पलीकडे गेले होते. आता प्रेमानं केलं तर भांडू कोणाशी? तुरुंगात निदान शिपायाला शिवी तरी देता येते.

वर्षभर शेडाला कुलूप होतं, मग सुधीरनं त्याचं ठरवून टाकलं. बाजूच्या कारखानेवाल्याला जागा पाहिजेच होती. सुधीर म्हणाला, बाबा, आता जी गाडी उभी आहे ती पूर्ण करा, मी मधे पडणार नाही, पण ती शेवटची. ती पूर्ण बरी होऊन निघाली की चावी मला द्यायची. म्हटलं, आणि नाही निघाली तर? तो म्हणाला, जोपर्यंत निघत नाही तोपर्यंत शेड तुमचं, मी शब्द देतो. पोट्टा शब्दाचा पक्का आहे, माझाच आहे ना.

ती गाडी म्हणजे वझलवार साहेबांची अँबेसेडर. साहेब मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, नागपूरकडचेच, त्यांची गाडी पहिल्यापासून माझ्याच हाताखाली. ते वारले आणि गाडी झाकून पडली. आता त्यांचा मुलगा अनुराग, तो मंडीदीपला नोकरी करतो, त्यानं बाहेर काढली. आईला गाडीत बसवायचं त्याच्या मनात होतं. इंजिन मी उघडून नवीन केलं, चार महिने लावले, हात जरा हळू चालतो आता. राहिला होता फक्त कार्बोरेटर. जुना पार झिजला होता, भलतीकडूनच हवा ओढायचा, तो बदलणं भागच होतं.

रीतीप्रमाणे, कामचलाऊ म्हणून तोच जुना लावून, मी मागं बसलो. बाजूला वझलवार काकू, मांडीवर भाजीची पिशवी. अनुरागला म्हटलं, चल जिथं जाणार आहेस तिथं. तर तो गेला बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात. तिसऱ्या गिअरात, बैलगाडीच्या चालीनं, खड्डा आला की थांबून, कारण आईची कंबर दुखते. भाजी घेतली आणि तसाच परत. बस, झालं. मला समजलं. याला एका तोंडाचा लहान कार्बोरेटर पाहिजे, पहिला होता त्याच मापाचा, आणि तसा माझ्याकडे होता, एका टॅक्सीतून काढलेला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला, अर्ध्या दिवसाचं काम.

पण अनुरागनं डिक्कीतून डबा काढला. चकचकीत, दोन तोंडांचा, मोठ्या गळ्याचा कार्बोरेटर, इंटरनेटवरून मागवलेला. दादा, हा लावा, म्हणे, व्हिडिओत पाहिलं मी, गाडी उडते. मी म्हटलं, उडून जाणार कुठं, वांगी आणायला? काकू हसल्या. तोही हसला. पण त्याचा जीव त्या डब्यात होता, दिसत होतं.

आता इथं ऐका. मी त्याला नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. आणि मला दिसलं की लहान लावला तर दुपारपर्यंत गाडी निघते, आणि संध्याकाळी सुधीर चावी मागतो, आणि उद्या सकाळी मी त्या सोफ्यावर. आणि मोठा लावला तर ही गाडी आज निघते आणि आठ दिवसांनी परत येते, पुन्हा येते, हळू चालताना ठसकत राहते, आणि जोपर्यंत ठसकते तोपर्यंत शेड माझं. एवढं सारं एका दमात दिसलं. मी म्हटलं, ठीक आहे बेटा, लावतो. तो इतका खूश झाला की काय सांगू तुम्हाला.

झालं तसंच. पहिल्या रविवारी आला, दादा, सिग्नलला बंद पडते. मी पेट्रोलचं छिद्र बदललं. दुसऱ्या रविवारी आला, दादा, दाबलं की गुदमरते. मी हवा कमी केली. थोडं बरं करायचं, पूर्ण बरं करायचं नाही, अहो पूर्ण ते होणारच नव्हतं. पण गाडी दर वेळी चार दिवस माझ्याकडे राहायची, मी घरून डबा घेऊन निघायचो, दोन बसा बदलायचो, आठवड्याचे चार दिवस शेडात. सुधीर विचारायचा, बाबा, झाली का? म्हटलं, दोन तोंडांचं काम आहे, वेळ लागतो, तुझ्या बँकेसारखं शिक्का मारला आणि झालं असं नसतं. माझ्या बोटांच्या रेघा परत काळ्या झाल्या होत्या. इथं फ्लॅटात त्या पांढऱ्या पडल्या होत्या, कारकुनाच्या हातासारख्या, मला पाहवत नव्हत्या. पाच रविवार असे काढले. मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू.

मग एका दिवशी भर दुपारी अनुरागचा फोन, दादा, बिट्टन मार्केटच्या वळणावर बंद पडली, आई आत आहे. मी ऑटो केला. जाऊन पाहतो तर बाजाराचा दिवस, गाडी मधोमध, मागं हॉर्नच हॉर्न, चार माणसं ढकलून राहिली, आणि एक भाजीवाला ओरडतो, चचा, इसमें बैल जुतवा दो, बैल! लोक हसले. जन्मात पहिल्यांदा कोणी हसलं आणि मी उठून जाऊ शकलो नाही. काकू मागच्या सीटवर, खिडक्या उघड्या तरी घामानं भिजलेल्या, तोंड लालबुंद, पाऊण तास झाला होता. आणि मला पाहून काय म्हणाल्या? नामदेवराव, तुम्ही कशाला धावत आलात एवढ्या उन्हात, तुमचं वय आहे का हे? आणि अनुरागला म्हणतात, मी सांगते तुला, यांचा हात लागलाय, यांची चूक नसणार, पेट्रोलच आजकाल भेसळीचं येतं. पिशवीतून काकडी काढली, मोडली, अर्धी मला दिली. म्हणाल्या, खा, घशाला कोरड पडली असेल.

ती काकडी मला गिळवेना. तोंडात तशीच ठेवून गाडीला दोर बांधला आणि ओढून शेडात आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडलं आणि कोणाला न विचारता मोठा काढला, फडक्यातला काढला, धुतला, छिद्रं खराट्याच्या काडीनं साफ केली, तारेनं करायची नाहीत, तारेनं छिद्र मोठं होतं, आणि बसवला. दुपारच्या आत. पहिल्या किल्लीला सुरू. बॉनेटवर पाण्याचा गिलास ठेवला तर पाणी हललं नाही. एवढं चांगलं काम माझ्या हातून दहा वर्षांत झालं नसेल.

अनुराग आला, गाडी फिरवून आणली, त्याचा चेहरा पडला. म्हणाला, दादा, म्हणजे पहिल्यापासून हाच बरोबर होता? म्हटलं, हो. तो म्हणाला, मी हट्ट केला म्हणून तुम्ही तो मोठा लावलात ना? माझ्यामुळे आई उन्हात बसली. आणि वाकून माझ्या पायाला हात लावला, दादा, माफ करा म्हणाला. तिथं मी बोलायला पाहिजे होतं. एवढा मोठा जबडा माझा, साहेबांपुढं न मिटलेला, आणि तिथं मुका झाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला, सांगा! चोरानं आशीर्वाद दिला.

संध्याकाळी चावी सुधीरला दिली. तो म्हणाला, बाबा, मनापासून? म्हटलं, घे रे बावा, बोलू नको.

त्याला आता सहा महिने झाले. शेडात आता प्लास्टिकचे पाइप ठेवतात म्हणे, मी गेलो नाही पाहायला. सकाळी उठतो, चहा घेतो, गॅलरीच्या जाळीतून समोरच्या बिल्डिंगची जाळी पाहतो, तिथंही एक म्हातारा आहे, तो मला पाहतो, आम्ही बोलत नाही. प्रिया म्हणते, बाबा, खाली बागेत जा, लोक बसतात. ते लोक पेन्शनीच्या गोष्टी करतात, मला पेन्शन नाही, मी काय बोलू.

मागच्या महिन्यात अनुराग पेढे घेऊन आला होता, काकूंचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला म्हणून. गाडी खाली सुरूच ठेवून आला, मला ऐकवायला. मी या जाळीला कान लावून ऐकलं, खरं सांगतो, कुठं एखादा ठोका चुकतो का म्हणून ऐकलं. चुकला असता तर म्हटलं असतं, अरे, घेऊन ये, पाहतो. नाही चुकला. अनुराग म्हणाला, दादा, ऑफिसात सगळ्यांना सांगतो मी, जाणत्याचं ऐकावं, मी नाही ऐकलं आणि आईला त्रास दिला. माझ्या हातात पेढा होता. म्हटलं, जा, गाडी बंद कर, पेट्रोल जळतंय.

तर तुम्ही हे लिहून राहिलात, ते लिहा. काही गाळू नका, माझं नाव घाला, नामदेव म्हणूनच घाला. आणि छापायच्या आधी एक करा, अनुरागला नेऊन वाचून दाखवा. काकूंनाही दाखवा, माउली आहे ती, तिला देव शंभर वर्षं देवो, तिनं ऐकावं की पेट्रोल भेसळीचं नव्हतं. मला स्वतःच्या तोंडानं होत नाही, सहा महिने झाले, होत नाही. तो चिडेल. चिडू द्या, त्याचा हक्क आहे. म्हणावं, शिव्या द्यायच्या असतील तर केव्हाही ये. सकाळी ये, दुपारी ये. मी घरीच असतो.