तांबडा टाका

सून : आई, दाभण बोटात जाईल. खाली बघून शिवा की.

थोरली : मी डोळे मिटूनही टाका घालते. तू खोळीत कापूस भर. टेम्पो आला बघ परत समोर धाकटीच्या दारात.

सून : भंगारवाल्याचा आहे तो.

थोरली : असू दे. पण थांबतो कुठे? तिच्याच दारात. आणि ती पाटी! काय लिहिलंय गं तिच्यावर?

सून : 'गादी उद्योग, शासकीय अनुदानप्राप्त.' कालही वाचून दाखवलं होतं. परवाही.

थोरली : अनुदानप्राप्त म्हणे. माझी धाकटी जाऊ होऊन या घरात आली तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता हिला. याच ओट्यावर बसवून शिकवली मी. मग भाऊजींनी वेगळं बिऱ्हाड केलं, आणि हिनं दुकान थाटलं कुठे, तर माझ्या नाकासमोर.

सून : अर्ज आपणही केला होता, आई.

थोरली : मग माझ्याच अर्जाला काय वाळवी लागली?

सून : त्यात विचारलं होतं, अनुदान मिळालं तर किती जणांना काम द्याल. तुम्ही म्हणालात, लिही, कोणाची गरज नाही, माझे दोन हात पुरेत.

थोरली : खोटं काय होतं त्यात?

सून : अहो, अनुदान त्यासाठीच होतं. आणखी दोन-चार घरांना काम मिळावं म्हणून.

थोरली : तसं स्पष्ट लिहायचं ना मग. मला वाटलं, ही बाई आळशी आहे का, ते काढून घेतायत. तिनं किती लिहिले?

सून : तीन.

थोरली : तीन! तरीच गल्लीतल्या त्या दोघी रोज सकाळी डबे घेऊन तिच्याकडे जातात, कचेरीत निघाल्यासारख्या.

सून : त्यातली एक आधी तुमच्याकडे आली होती. तुम्ही तिला दारातून परत पाठवलीत.

थोरली : तेव्हा तिला टाका घालता येत होता का? आणि आता ते कापूस पिंजायचं यंत्र. दिवसभर घूं घूं. डोकं उठतं माझं.

सून : काल तासभर बंद होतं, तर दोनदा उठून बघून आलात.

थोरली : तू कापूस भर.

(धाकटी जाऊ गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन येते.)

धाकटी : येऊ का, जाऊबाई?

थोरली : आलीसच की. माझ्याकडे गाद्यांचा दुष्काळ पडलाय असं कोणी सांगितलं तुला?

धाकटी : गिऱ्हाइकानं परत पाठवली. महिन्यात तिसरी. चार दिवसांत कोपरे बसतात आणि कापूस मध्ये गोळा होतो. कड जमत नाही आम्हाला.

थोरली : यंत्राला सांग की.

धाकटी : यंत्र कापूस पिंजतं. कड हातानंच घालावी लागते.

सून : बसा काकू, पाणी आणते.

थोरली : पाणी कुठे पळून जात नाही. गादी पसर आधी. ही कड आहे का? उंदरानं कुरतडल्यासारखी. आणि हे गं काय? कोपऱ्यात तांबडा टाका कोणी घातला?

धाकटी : मी. नेहमीच घालते.

थोरली : ही माझी खूण आहे. गादी माझ्या हातची आहे म्हणून. माझी गिऱ्हाइकं नेलीस, आता नावही नेलंस?

धाकटी : खूण? तुम्हीच शिकवलंत, पहिला टाका तांबडा, बाकीचे पांढरे. मला वाटलं, उशी कुठल्या बाजूला ठेवायची ते कळावं म्हणून असतो.

सून : मलाही तेच वाटायचं, आई.

धाकटी : त्या दोघींनाही मी तसंच शिकवलंय. वर्षभरात गेलेल्या प्रत्येक गादीत आहे तो.

थोरली : म्हणजे या असल्या वाकड्या गाद्या माझी खूण घेऊन घराघरांत पडल्यात. लोक म्हणत असतील, थोरलीचा हात गेला.

धाकटी : जाऊबाई, सोमवारी अनुदानाचे साहेब पाहणीला येणार आहेत. तीन माणसं कामावर दिसायला हवीत. माझ्याकडे दोघीच आहेत.

थोरली : का? तुझ्या दारात तर रांग असते.

धाकटी : मी अर्जात लिहिलं होतं, दोन शिकणाऱ्या आणि एक शिकवणारी. शिकवणारीची जागा तशीच आहे. सोमवारी रिकामी दिसली तर अनुदान परत. यंत्रही जाईल.

थोरली : म्हणजे मी नाही म्हटलं, की तुझी पाटी उतरते.

धाकटी : उतरते.

सून : आई...

थोरली : तू गप्प बस. जरा चव घेऊ दे मला. वर्षभर ती पाटी बघून घास उतरला नाही माझ्या घशाखाली.

धाकटी : आणि मी? तुमच्याकडे शिकून बारा वर्षं झाली. कोणाकडे पाहुणी गेले तरी आधी चादर उचलून गादीची कड बघते. तुमच्या हातची निघाली की माझी झोप गेली म्हणून समजा.

थोरली : कधी बोलली नाहीस.

धाकटी : तुम्ही तरी पाटीचं कुठे बोललात?

थोरली : आणि काय, तुझ्या दुकानात तू माझी हजेरी मांडणार?

धाकटी : मांडावी लागेल. नियम आहे.

थोरली : उसव ती कड.

धाकटी : सगळी?

थोरली : सगळी. असल्या गादीवर माझी खूण मिरवणार नाही. आधी परत आलेल्या दोन्ही काढून ठेव. त्या दोघींना सांग, उद्या उजाडलं की हात धुऊन बसायचं.

धाकटी : म्हणजे येताय तुम्ही?

थोरली : गाद्यांसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही. आणि तांबड्या टाक्याला हात लावू नकोस. तो राहू दे.

सून : मग इथलं काम, आई? मला एकटीला नाही झेपणार.

थोरली : कोणाला तरी हाताखाली घे. आणि पुढच्या वर्षी अर्ज निघाला की भर.

सून : किती जण लिहू?

थोरली : तिनं तीन लिहिले ना? चार लिही.

धाकटी : येते मी, जाऊबाई.

थोरली : थांब. ते यंत्र... चालू करायची कळ कुठल्या हाताला आहे त्याची?